हापूस पेटी-नोंदीचा प्रोग्राम : इव्हेंट हँडलर तात्पुरते थांबवण्याच्या कामाच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२५

देवगडजवळच्या एका सामाईक पॅकिंग शेडसाठी हापूसच्या पेट्यांची नोंद ठेवणारा नवा प्रोग्राम लिहिण्याचे काम आज सुरू केले. शेडमध्ये अनेक बागायतदारांचा माल येतो, तो प्रतवारी होऊन पेट्यांत भरला जातो, संध्याकाळच्या ट्रकने वाशीला जातो आणि त्यातला काही भाग पुण्या-मुंबईच्या थेट ग्राहकांकडे रवाना होतो. एका पेटीची नोंद म्हणजे बागायतदार, प्रत, डझन, वजन, दलाल किंवा ग्राहक, डझनाचा दर आणि पेटीची रक्कम. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा, खिडक्या आणि रकाने बनवण्यासाठी पायक्यूटी५ (क्यूटी या संचाचे पायथन रूप) आणि नोंदी साठवण्यासाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस ही साधने निवडली आहेत. पायक्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली घेतल्यामुळे साधनांवर पैसा खर्च झालेला नाही.

गेल्या हंगामापर्यंत हे काम एक्सेलमध्ये चालत होते आणि ते सोडण्याचे कारण या नोंदींच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. त्या पत्रकातला मॅक्रो (पत्रकातच लिहिलेला छोटा प्रोग्राम) सुरुवातीला ‘एनेबलइव्हेंट्स’ फॉल्स, म्हणजे बंद, करत असे, मग रकाने भरत असे आणि अगदी शेवटच्या ओळीत ते पुन्हा ट्रू करत असे. मधल्या एखाद्या ओळीत त्रुटी आली की मॅक्रो तिथेच थांबे, शेवटची ओळ चालतच नसे, आणि त्यानंतर एक्सेल पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत पत्रकातला कोणताही इव्हेंट हँडलर, म्हणजे एखादा बदल घडताच आपोआप चालणारा कोडचा तुकडा, जागा होत नसे. पत्रक मात्र नेहमीसारखेच दिसे आणि आकडेही नीट टाइप होत. फक्त हमाली, भाडे आणि दलालीची वजावट होत नसे. ही गोष्ट पट्ट्या (दलालांकडून येणारे विक्रीच्या हिशेबाचे कागद) जुळवायला बसल्यावरच लक्षात येई. नव्या प्रोग्राममध्ये हँडलर थांबवण्याची वेळ येणार हे उघड आहे, म्हणून त्या भागाची वेगळी नोंद ठेवत आहे. असेच काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाचा वेळ वाचला, तर या नोंदींचा उपयोग झाला असे मी मानेन.

२४ फेब्रुवारी

पहिली अडचण दर आणि रक्कम या दोन रकान्यांत आली. वाशीहून येणारी पट्टी पेटीच्या रकमेत असते, थेट ग्राहकाशी बोलणे मात्र डझनाच्या दरात होते. त्यामुळे दर भरला तर रक्कम आणि रक्कम भरली तर दर आपोआप निघावा अशी शेडची मागणी होती. दोन्ही रकाने क्यूडबलस्पिनबॉक्सचे (आकडा भरण्याचा क्यूटीचा रकाना, थोडक्यात स्पिनबॉक्स) असून दोन दशांश स्थळे ठेवली आहेत. दोघांच्या ‘व्हॅल्यूचेंज्ड’ सिग्नलला (आकडा बदलल्याची क्यूटीकडून येणारी सूचना) एकेक हँडलर जोडला : एक गुणाकार करतो, दुसरा भागाकार.

दोन हँडलर एकमेकांना हाक मारत अनंत काळ फिरत राहतील अशी भीती होती, पण तसे झाले नाही, कारण क्यूटी रकान्यातला आकडा खरोखर बदलला तरच हा सिग्नल सोडते. प्रत्यक्षात जे झाले ते अधिक त्रासदायक निघाले. सहा डझनी पेटीसाठी रकमेत ४००० टाइप करायला घेतले, तर पहिला ४ पडताच भागाकार होऊन दर ०.६७ झाला, दराच्या हँडलरने त्याला सहाने गुणले, आणि उरलेली तीन शून्ये टाइप होण्याआधीच रकमेच्या रकान्यात ४.०२ उमटले.

‘कीबोर्डट्रॅकिंग’ ही टाइप करतानाच सिग्नल सोडणारी सोय बंद केल्यावर टाइप करताना सिग्नल येणे थांबले. आता तो एंटर दाबल्यावर किंवा रकाना सोडल्यावरच येतो. पण मूळ दोष तसाच राहिला. ४००० भरून पुढच्या रकान्यात गेले की दर ६६६.६७ होतो आणि सहा गुणिले ६६६.६७ म्हणजे ४०००.०२ हा आकडा भरलेल्या रकमेच्या जागी येऊन बसतो. शेडमध्ये चाचणी घेताना नोंद करणाऱ्या ताईंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, “मियां चार हजारच घातलंय, मगे ह्ये वरचे दोन पैशे खंयसून इले?” प्रश्न अगदी रास्त होता. माणसाने भरलेला आकडा प्रोग्रामने परस्पर बदलणे हिशेबाच्या कामात चालणार नाही.

२६ फेब्रुवारी

उपाय म्हणून फॉर्ममध्ये ‘भरत_आहे’ नावाचा एक झेंडा, म्हणजे वर किंवा खाली असणारी हो-नाहीची खूण, ठेवला. हँडलर सुरू होताच तो झेंडा पाहतो. वर असेल तर काही न करता परततो, खाली असेल तर वर करतो, दुसऱ्या रकान्यात आकडा ठेवतो आणि झेंडा खाली आणतो. आता ४००० हे ४०००च राहतात.

तेवढ्यावर काम संपले असे वाटले होते, परंतु नोंद जतन करून पुन्हा उघडली तेव्हा ४०००.०२ परत आले. डेटाबेसमध्ये फक्त दर ठेवला जात होता आणि उघडताना रक्कम त्यावरून काढली जात होती. म्हणजे हँडलर थांबवून पडद्यावरचा प्रश्न मिटला होता, हिशेबातला नाही. आता दर आणि रक्कम दोन्ही जतन होतात आणि त्यांच्यासोबत माणसाने शेवटी कोणता रकाना भरला हेही जतन होते. नंतर डझन बदलले तर त्या खुणेवरून ठरते की दर कायम ठेवून रक्कम काढायची की रक्कम कायम ठेवून दर काढायचा. ही खूण सुरुवातीलाच ठेवली असती तर हँडलर थांबवण्याची गरज बरीच कमी झाली असती, कारण कोणता आकडा मूळचा आणि कोणता काढलेला हे कळले की उलटा हिशेब करण्याचे कारणच उरत नाही.

३ मार्च

फॉर्म अधूनमधून बहिरा होतो अशी तक्रार आली. दर भरला तरी रक्कम हलत नाही. प्रोग्राम बंद करून उघडला की पुन्हा चालू लागतो. एक्सेलमधला जुना आजार इथेही आला हे लगेच ओळखू आले.

कारण असे : डझनाचा रकाना शून्य असताना कोणी रक्कम भरली की भागाकारात शून्याने भागण्याची त्रुटी येते आणि झेंडा खाली आणणारी ओळ चालत नाही. पायक्यूटीच्या ५.५ पासूनच्या आवृत्त्यांत हँडलरमधली न पकडलेली त्रुटी संपूर्ण प्रोग्राम बंद पाडते, त्यामुळे खरे तर हा दोष पहिल्याच वेळी समोर यायला हवा होता. पण ऐन गर्दीत प्रोग्राम बंद पडू नये म्हणून त्रुटी फाइलमध्ये लिहिणारा स्वतंत्र एक्सेप्टहूक बसवलेला होता. त्याने त्रुटी फाइलमध्ये टाकली आणि प्रोग्राम झेंडा वर असलेल्या स्थितीतच पुढे चालत राहिला. आपण सोयीसाठी बसवलेली गोष्ट दोष लपवते, याचा अनुभव इतर कामांतही येतो, पण इथे तो फार स्पष्टपणे आला.

झेंडा खाली आणण्याचे काम ‘फायनली’त, म्हणजे त्रुटी आली तरी शेवटी चालणाऱ्या भागात, टाकले. मग तेच तीन ओळींचे काम जागोजागी लिहावे लागू नये म्हणून पायथनच्या कॉन्टेक्स्टलिबच्या साहाय्याने एक लहान कॉन्टेक्स्ट मॅनेजर बनवला, जो ‘विथ’ या शब्दाने ओळींच्या एका गटाभोवती लावता येतो. आत काहीही घडले तरी ‘विथ’मधून बाहेर पडताना झेंडा पूर्वीच्या स्थितीला येतो. शून्य डझनाची तपासणी वेगळी घातली, कारण तो वेगळा दोष आहे आणि ‘फायनली’ने तो बरा होत नाही.

७ मार्च

दलालांच्या यादीचा कॉम्बोबॉक्स, म्हणजे खाली उघडणारी निवडयादी. दलाल निवडला की त्याच्या दलालीचा टक्का आणि वाशीपर्यंतचे भाडे आपोआप भरले जावे यासाठी ‘करंटइंडेक्सचेंज्ड’ला हँडलर जोडला होता. फॉर्म उघडताच यादीतल्या पहिल्या दलालाचे टक्के आणि भाडे भरलेले दिसू लागले. रिकाम्या कॉम्बोबॉक्समध्ये पहिले नाव घातले की निवड आपोआप त्या नावावर जाते आणि सिग्नल सुटतो. यादी पुसून पुन्हा भरली तर पुसतानाही एक सिग्नल येतो.

इथे थांबवण्याऐवजी सिग्नलच बदलला. ‘ॲक्टिव्हेटेड’ हा सिग्नल फक्त वापरणाऱ्याने निवड केल्यावर येतो. प्रोग्रामने निवड बदलली तर येत नाही. एवढे लक्षात ठेवावे की माणसाने आधीचाच दलाल पुन्हा निवडला तरीही तो येतो, म्हणून हँडलर दोनदा चालला तरी बिघडणार नाही असा लिहावा.

याच निमित्ताने बाकीचे रकानेही पाहून घेतले. मजकुराच्या रकान्यांना ‘टेक्स्टचेंज्ड’ऐवजी ‘टेक्स्टएडिटेड’ लावला आणि ‘पोच मिळाली’ या चौकोनाला ‘टॉगल्ड’ऐवजी ‘क्लिक्ड’. हे दोन्ही पर्याय केवळ माणसाच्या हालचालीवर जागे होतात. स्पिनबॉक्सला असा जोडीदार सिग्नल नाही. तिथे झेंडा किंवा सिग्नल अडवणारा ब्लॉकर लागतोच. माझे मत असे झाले आहे की हँडलर थांबवण्याचा विचार करण्याआधी ‘बदल माणसाने केला की प्रोग्रामने?’ हा फरक सिग्नलच सांगतो का ते पाहावे. निम्म्याहून अधिक झेंडे आज काढून टाकता आले.

१५ मार्च

माल येऊ लागला आहे आणि आजचा दोष आतापर्यंतचा सर्वांत महागडा ठरला.

डाव्या यादीतून एखादी पेटी निवडली की उजवीकडचा फॉर्म तिच्या आकड्यांनी भरतो. रकाने एकामागून एक भरले जातात आणि काहीही बदलले की अर्ध्या मिनिटात आपोआप जतन व्हावे अशी सोय आहे, कारण इकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. फॉर्म भरला जात असताना स्पिनबॉक्सचे सिग्नल सुटत होते आणि हँडलर ‘नोंद बदलली’ अशी खूण करत होते. तेवढे असते तर विनाकारण एकदा जतन झाले असते, इतकेच. पण डझनाचा रकाना नव्या पेटीचा आणि रक्कम अजून जुन्या पेटीची, अशा मधल्या क्षणी डझनाचा हँडलर चालून त्याने दर काढला. पुढे त्या रकान्यात खरा दर भरला गेला, पण तोवर ‘माणसाने शेवटी भरलेला रकाना’ ही खूण बदलली गेली होती आणि ती तशीच जतन झाली. त्यामुळे ज्या नोंदी केवळ पाहण्यासाठी उघडल्या होत्या, त्यांतल्या काहींची खूण चुकीची झाली आणि नंतर डझन दुरुस्त करताना चुकीचा आकडा कायम राहिला.

बिघडलेल्या नोंदी शोधण्यासाठी शेडमधल्या कागदी वहीशी सगळी यादी ताडून पाहावी लागली. त्यासाठी एका माणसाला जास्तीचा वेळ थांबवले, त्याचे सहाशे रुपये झाले आणि माझी पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. शेडच्या काकांनी कागदी वही बंद करायला पहिल्यापासून विरोध केला होता, म्हणूनच हे ताडता आले. नव्या प्रोग्रामच्या पहिल्या हंगामात जुनी वही चालू ठेवावी, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

दुरुस्ती : नोंद भरणारे फंक्शन आता सर्व स्पिनबॉक्स आणि तारखेच्या रकान्याचे सिग्नल ‘ब्लॉकसिग्नल्स’ने थांबवते, आकडे भरते आणि मग मोकळे करते. खुणा आणि ‘बदलली’चा झेंडा सर्वांत शेवटी, डेटाबेसमधून आलेल्या मूल्यांनीच बसवला जातो.

१६ मार्च

कालच्या दुरुस्तीने नवा दोष आणला, तोही लिहून ठेवतो, कारण तो हमखास येणार आहे. पेटी बदलली तरी फॉर्मच्या तळाशी असलेली ‘वजावटीनंतर’ ही रक्कम आधीच्या पेटीचीच दिसत राहते. ते लेबल रकमेच्या सिग्नलवर चालत होते आणि सिग्नल तर थांबवलेले. थांबवलेल्या काळात सुटलेले सिग्नल क्यूटी कुठे साठवून ठेवत नाही. मोकळे केल्यावर ते मागाहून येत नाहीत, ते गेलेलेच असतात.

म्हणून हिशेब करणारा भाग हँडलरमधून बाहेर काढून ‘पडदा_ताजा_कर’ या वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवला. हँडलरही त्यालाच बोलावतात आणि नोंद भरणारे फंक्शनही काम झाल्यावर त्यालाच एकदा बोलावते. ही रचना केल्यापासून सिग्नल थांबवताना हात कचरत नाही, कारण थांबवल्यामुळे काय राहून गेले ते एका ठिकाणी लिहिलेले आहे. हँडलरमध्येच हिशेब कोंबलेला असताना तो थांबवणे म्हणजे हिशेबही थांबवणे होते.

२२ मार्च

दिवसाच्या पेट्यांचा तक्ता. क्यूटीचा तयार तक्ता क्यूटेबलविजेट वापरला आहे आणि त्यातल्या पेशी थेट बदलता येतात. तक्ता भरताना प्रत्येक पेशीसाठी ‘सेलचेंज्ड’ येत होता, त्यामुळे मोठी यादी उघडायला फार वेळ लागे आणि प्रत्येक ओळीचे जतन सुरू होई. सिग्नल थांबवायचे ठरले, पण ते तक्त्याऐवजी तक्त्यामागे आकडे ठेवणाऱ्या मॉडेलचे थांबवले गेले. परिणाम असा की नव्या ओळी मॉडेलमध्ये जमा झाल्या तरी पडद्यावर आल्या नाहीत आणि खिडकी लहान-मोठी केल्यावर काही ओळी अर्धवट उमटल्या. ओळी वाढल्या, पेशी बदलली हे व्ह्यूला, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाला, मॉडेलच्या सिग्नलवरूनच कळते. तेच बंद केले तर व्ह्यूला काही समजण्याचा मार्ग राहत नाही.

आता ‘ब्लॉकसिग्नल्स’ तक्त्यावर लावले आहे. ‘सेलचेंज्ड’ आणि ‘आयटमचेंज्ड’ हे सिग्नल तक्ता स्वतः सोडतो, म्हणून ते थांबतात. मॉडेल ही निराळी वस्तू असल्यामुळे तिचे व्ह्यूशी बोलणे चालू राहते. ज्या वस्तूला थांबवत आहोत तिचे सिग्नल आपल्या हँडलरखेरीज आणखी कोण ऐकते, हे आधी पाहून घ्यावे. ‘ब्लॉकसिग्नल्स’ला आपले आणि परके असा भेद करता येत नाही, वस्तू नष्ट होतानाचा ‘डिस्ट्रॉइड’ एवढा एक सिग्नल वगळता तो त्या वस्तूचे सगळेच बंद करतो.

२ एप्रिल

नोंद भरणारे फंक्शन मध्येच ‘दर_बसव’ नावाचे दुसरे फंक्शन बोलावते. त्या आतल्या फंक्शननेही दराचे सिग्नल थांबवले होते आणि आपले काम झाल्यावर ते फॉल्स देऊन मोकळे केले होते. बाहेरच्या फंक्शनला ते अजून बंदच हवे होते. त्यामुळे फॉर्म भरण्याच्या उत्तरार्धात दराचा हँडलर जागा होऊन १५ मार्चचाच दोष, या वेळी क्वचित आणि फक्त थेट ग्राहकांच्या नोंदींत, पुन्हा दिसू लागला. क्वचित येणारा दोष शोधायला नेहमीच जास्त वेळ लागतो; हा शोधण्यात दोन रात्री गेल्या.

‘ब्लॉकसिग्नल्स’ आधीची स्थिती परत करते, ती साठवून काम झाल्यावर तीच पुन्हा बसवायची, हा योग्य मार्ग. क्यूटी ५.३ पासून आलेला क्यूसिग्नलब्लॉकर नेमके हेच करतो आणि पायक्यूटीत तो ‘विथ’बरोबर वापरता येतो. सगळीकडे तोच लावला. पायथनमध्ये त्याचा एक सापळा आहे : ब्लॉकर बनवून तो कोणत्याही नावाला न बांधता तसाच सोडला, तर ती वस्तू त्याच ओळीत नष्ट होते आणि सिग्नल लगेच मोकळे होतात. कोड वाचताना सिग्नल थांबवले आहेत असे वाटते, प्रत्यक्षात एक क्षणही थांबलेले नसतात. सी++मधले उदाहरण पाहून पायथनमध्ये लिहिताना याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘विथ’ वापरला तर हा प्रश्न येत नाही आणि कुठून कुठपर्यंत शांतता आहे हे ओळींच्या समासावरूनच दिसते.

९ एप्रिल

कामात मदत करणाऱ्या एका विद्यार्थ्याने हँडलर ‘डिस्कनेक्ट’ करून नंतर पुन्हा ‘कनेक्ट’ करण्याचा पर्याय करून पाहिला. फक्त एकच हँडलर थांबतो आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही, हा त्याचा मुद्दा खरा आहे आणि मॉडेलसारख्या ठिकाणी तो मार्ग उपयोगी पडेल. आमच्या फॉर्मवर मात्र तो टिकला नाही. लॅम्डाने (नाव न देता जागीच लिहिलेल्या फंक्शनने) जोडलेला हँडलर काढण्यासाठी तीच लॅम्डा जपून ठेवावी लागते. नव्याने लिहिलेली, दिसायला तशीच असलेली लॅम्डा दिली तर त्रुटी येते. एका वाटेने ‘कनेक्ट’ दोनदा झाले तर हँडलर प्रत्येक वेळी दोनदा चालतो. आणि हँडलर जोडलेल्या क्रमाने चालत असल्यामुळे, काढून पुन्हा जोडलेला हँडलर रांगेच्या शेवटी जातो. आमच्याकडे आधी रक्कम निघायची आणि मग वजावट, तो क्रम उलटला आणि वजावट जुन्या रकमेवर होऊ लागली. पर्याय मागे घेतला.

१७ एप्रिल

वजनकाटा जोडला. काट्याच्या सीरियल पोर्टसाठी यूएसबी केबल घ्यावी लागली, साडेचारशे रुपये. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या प्रोग्रामच्या धाग्यात) होते आणि स्थिर वजन मिळाले की तो थ्रेड सिग्नल सोडतो.

पेटी काट्यावर ठेवली, वजन आले, ताईंनी यादीतली पुढची पेटी निवडली, आणि आधीच्या पेटीचे वजन नव्या पेटीच्या रकान्यात पडले. फॉर्म भरताना झेंडा वर होता, तरीही. दुसऱ्या थ्रेडकडून आलेला सिग्नल मुख्य थ्रेडच्या रांगेत उभा राहतो. फॉर्म भरणे चालू असताना त्याला वाव मिळत नाही आणि भरणे संपून झेंडा खाली आला की मग तो हँडलरपर्यंत पोहोचतो. हँडलर झेंडा पाहतो तेव्हा झेंडा खालीच असतो. ‘ब्लॉकसिग्नल्स’नेही हे साधत नाही, कारण तो सिग्नल सुटण्याच्या क्षणी अडवतो, आधीच सुटून रांगेत असलेल्याला तो परतवू शकत नाही. उलट काट्याच्या वस्तूवर तो लावला तर त्या काळात आलेले खरे वजन मात्र हरवते.

या जागी थांबवण्याचा विचारच सोडून दिला. प्रत्येक वजनासोबत ते वाचल्याची मोनोटॉनिक, म्हणजे कधीही मागे न जाणाऱ्या, घड्याळातली वेळ पाठवली जाते. फॉर्म नवी पेटी उघडून झाल्याची वेळ स्वतःजवळ ठेवतो, आणि हँडलर त्याआधी वाचलेले वजन बाजूला टाकतो. दिवसभर गर्दीत चालवून पाहिले, वजन चुकीच्या पेटीत गेले नाही.

२८ एप्रिल

हंगाम भरात आहे, त्यामुळे मोठे बदल बंद. एकच तातडीची दुरुस्ती केली : डझन आठपेक्षा जास्त भरले तर ‘खात्री आहे का?’ असे विचारणारी खिडकी दोनदा येत होती. एंटर दाबल्यावर ‘एडिटिंगफिनिश्ड’ येतो, त्याचा हँडलर खिडकी उघडतो, खिडकी उघडल्यामुळे रकान्यावरचा फोकस जातो आणि फोकस गेल्यामुळे ‘एडिटिंगफिनिश्ड’ पुन्हा येतो. खिडकी उघडी असेपर्यंत त्या एका रकान्यावर ‘विथ’ने ब्लॉकर लावला. सिग्नल थांबवणे हाच खरा आणि पुरेसा उपाय असलेली ही आमच्या फॉर्ममधली जागा आहे.

३० मे

यंदा मान्सून मे महिन्यातच तळकोकणात आल्यामुळे शेडमधले काम आटोपले आहे. निवांतपणे संपूर्ण कोड वाचून काढला. साधा झेंडा आता दर आणि रक्कम या जोडीपुरताच उरला आहे. क्यूसिग्नलब्लॉकर नोंद भरताना, तक्ता भरताना आणि खात्रीच्या खिडकीपाशी आहे. बाकी ठिकाणी माणसाच्या हालचालीवरचे सिग्नल वापरून काम भागले.

एक चाचणी लिहिली, जी मार्चमध्येच असायला हवी होती : डेटाबेसची प्रत काढायची, हंगामातली प्रत्येक नोंद फॉर्ममध्ये उघडायची, काहीही न बदलता जतन करायची आणि दोन्ही प्रती ताडून पाहायच्या. एकाही नोंदीत फरक पडता कामा नये. पहिल्या वेळी वजनांत फरक निघाला. काट्याचा हँडलर वजन तीन दशांश स्थळांसह थेट डेटाबेसमध्ये लिहीत होता, फॉर्मचा रकाना मात्र दोनच स्थळांचा होता, त्यामुळे १८.३४६ किलोची पेटी केवळ उघडून जतन केल्यावर १८.३५ होत होती. याचा हँडलरशी संबंध नाही, पण सिग्नलांचा गोंधळ मिटल्यामुळेच हा फरक वेगळा उठून दिसला. रकान्याची दशांश स्थळे तीन केली आणि चाचणी पुन्हा चालवली. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या. दर आणि रक्कम यांच्या जोडीसाठी ३, ६ आणि ७ डझनांच्या, दोन दशांशांत पूर्ण भाग न जाणाऱ्या रकमाही चाचणीत घातल्या आहेत. नवी आवृत्ती शेडमध्ये देण्याआधी ही चाचणी चालवायची, असे काकांशी बोलून ठरले आहे. काजू बीच्या खरेदीचा फॉर्म याच सांगाड्यावर पावसाळ्यात उभा करायचा आहे; त्यात किलो आणि दर यांचीच जोडी असल्याने शेवटी भरलेल्या रकान्याची खूण त्याच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून ठेवली आहे.